‘एकाही बाईनं ब्र काढला नाही’ म्हणे!

‘शेक्सपिअरच्या इंग्लंडातल्या लेखिका : एक आधुनिक थाप’ अशा मथळ्याची लांबलचक पोस्ट सध्या मराठी ग्रुपांमध्ये फिरते आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी ती ‘आवर्जून वाचा’ असं लिहून टाकली, तेव्हा मी नेहमीसारखं अंगठा न दाखवता पुढे गेले. पण माझी भाची इंग्रजी घेऊन एम.ए. करते आहे. तिच्या प्रकल्पाचा विषय सतराव्या शतकातल्या इंग्रज लेखिका हाच आहे, आणि तिनं तीच पोस्ट मला पाठवून विचारलं, ‘मावशी, विषय बदलू का गं?’ मग मात्र गप्प बसवेना.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. शेक्सपिअरच्या काळात इंग्लंडात एकही बाई लिहीत नव्हती, आणि हे इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फनंच कबूल केलंय. 1615 साली जोसेफ स्वेटनम या गृहस्थानं बायकांचे दोष दाखवणारं पुस्तक लिहिलं, ते धो धो खपलं आणि ‘एकाही बाईनं ब्र काढला नाही’, म्हणजे तेव्हाच्या बायकांनाही ते पटलेलं होतं. ज्या दोन-चार लेखिका दाखवल्या जातात ते बाईचं नाव घेतलेले पुरुष होते. लेखन दर्जेदार असतं तर टिकलं असतं. विद्यापीठांनी कोटा भरायला ते उकरून काढलं. आणि शेवटी, स्त्रियांची थोरवी वगैरे ही 1970 नंतरची भाषा, ती चारशे वर्षांपूर्वीच्या बायकांच्या तोंडी घालू नये.

यातले दुसरा आणि तिसरा हे मुद्दे एकमेकांच्या उरावर बसलेत, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. कुणी उत्तरच दिलं नव्हतं, तर पुरुषांनी बायकांच्या नावानं लिहिलं ते काय?

‘एकही बाई लिहीत नव्हती’

शेक्सपिअर जन्मला 1564 साली, वारला 1616 साली. इझाबेला व्हिटनीची पहिली पद्यपुस्तिका 1567ची, दुसरी 1573ची. जेन अँगरची ‘स्त्रियांची पाठराखण’ 1589ची. पेम्ब्रोकची काउंटेस मेरी सिडनी हिनं फ्रेंचमधून आणलेलं ‘अँटोनियस’ हे नाटक 1592चं. एमिलिया लॅनियरचा काव्यसंग्रह 1611चा. एलिझाबेथ केरीचं ‘मरियम’ 1613चं, बाईनं स्वतः रचलेलं आणि छापलं गेलेलं इंग्रजीतलं पहिलं नाटक. ही सगळी शेक्सपिअरच्या हयातीत लंडनच्या दुकानांत मिळणारी छापील पुस्तकं होती.

यातली व्हिटनी सरदार घराण्यातली नव्हती. लंडनमध्ये कुणाच्या तरी घरी चाकरीला होती, ती चाकरी सुटली, हातात पैसा नाही, शहर सोडायची वेळ आली. तेव्हा तिनं पद्यात मृत्युपत्र केलं आणि लंडनमधलंच सगळं लंडनच्याच नावे केलं. चीपसाइडच्या सोनारांची दुकानं, खाटीक, दारू गाळणारे, कापडवाले, न्यूगेटचा तुरुंग, सगळं. लडगेटचा तुरुंग कर्जबाजाऱ्यांचा होता. तो मी माझ्यासाठी राखून ठेवला होता, असं ती म्हणते, पण कर्जबाजारी व्हायला आधी कुणी उधार द्यावं लागतं, आणि मला ते देतंय कोण! सेंट पॉलच्या आवारातल्या पुस्तकवाल्यांसाठी तिनं गिऱ्हाइकं ठेवली आणि आपल्या मुद्रकासाठी मित्रांना सांगून गेली की पुस्तकं याच्याकडूनच घ्या. स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात मृत्युपत्रात करणारी ही बाई ‘लिहीत नव्हती’ म्हणे.

आता वुल्फ. ‘स्वतःची खोली’ (‘अ रूम ऑफ वन्स ओन’) या 1929च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी खरोखरच म्हटलंय की ज्या काळात दर दुसरा पुरुष सुनीत रचत होता त्या काळात एकाही बाईनं त्या साहित्यात भर घातली नाही हे कोडं आहे. शेक्सपिअरइतकीच प्रतिभा असून लिहू न शकलेली त्याची काल्पनिक बहीण ज्युडिथ तिथलीच. पण पोस्टकर्त्यानं निबंध तिथंच मिटला. पुढे त्याच निबंधात मार्गारेट कॅव्हेंडिश आहे, डोरोथी ऑस्बर्न आहे, आणि लेखणीवर पोट भरणारी म्हणून जिच्या थडग्यावर समस्त बायकांनी फुलं वाहावीत असं वुल्फ सांगतात ती अॅफ्रा बेन आहे. व्हिटनी आणि लॅनियर वुल्फना ठाऊक नव्हत्या, कारण तेव्हा त्यांच्या सुलभ आवृत्त्याच नव्हत्या. 1929 साली एका लेखिकेला न सापडलेलं पुस्तक 1611 साली छापलंच गेलं नव्हतं, हे कुठलं तर्कशास्त्र?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आवडो न आवडो. लिहिणाऱ्या बायका फार थोड्या होत्या. इतिहासकार डेव्हिड क्रेसी यांनी सह्या आणि अंगठे मोजून जो हिशेब मांडला त्यानुसार 1640च्या सुमारास इंग्लंडात दहातल्या नऊ बायकांना सही करता येत नव्हती. (पुरुषांतही दहातल्या सातांना येत नव्हती, हे पोस्टमध्ये सापडणार नाही.) त्यातही तिथं आधी वाचायला शिकवत आणि लिहायला नंतर, त्यामुळे वाचता येणाऱ्या पण सही न येणाऱ्या बायका या हिशेबात धरल्याच जात नाहीत. तरी थोड्या त्या थोड्याच. पण थोड्या म्हणजे शून्य नव्हे.

‘ब्र काढला नाही’

इथं मला खरा राग आला, कारण हे नुसतं चूक नाही, नेमकं उलटं आहे. ज्या पुस्तकाला बायकांच्या नावांनी एकाच वर्षात तीन छापील उत्तरं आली, ज्याच्या लेखकावर नाटक निघालं, तेच पुस्तक ‘बायका गप्प होत्या’ याचा पुरावा म्हणून काढायला विशेष धाडस लागतं.

स्वेटनम हा तलवारबाजी शिकवणारा माणूस. 1615 साली त्यानं आधी टोपणनावानं जे पुस्तक काढलं त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘कुलटा, आळशी, हेकट आणि चंचल बायकांवरचा खटला’. पुस्तकाला तो स्वतःच अस्वलावर कुत्री सोडण्याच्या तेव्हाच्या खेळाची उपमा देतो. इथं अस्वलाच्या जागी बायका. आत काय आहे? देवानं बाई पुरुषाच्या मदतीसाठी घडवली, आणि मदत ती करतेच, पुरुषानं घाम गाळून मिळवलेलं उडवायला. बाई बरगडीपासून झाली, बरगडी वाकडी, म्हणून बाई वाकडी. थोडक्यात, लग्नाच्या पंगतीत एखादे मामा पान जमवता जमवता जे विनोद सांगतात त्यांचाच साठा, अधूनमधून बायबलचं आणि ग्रीक-रोमन नावांचं तोंडीलावणं. खपलं मात्र खरं. पुढच्या वीसेक वर्षांत त्याच्या दहाच्या आसपास आवृत्त्या निघाल्या.

आणि 1617 साली उत्तर आलं. पहिलं रेचल स्पेट हिचं, ‘मेलास्टोमसला मुसकं’. मेलास्टोमस म्हणजे काळ्या तोंडाचा. मुखपृष्ठावरच स्वेटनमच्या पुस्तकाला ‘धर्महीन आणि अडाणी’ म्हटलंय. रेचल लंडनच्या मिल्क स्ट्रीटवरल्या चर्चच्या पाद्र्याची मुलगी, वयाची विशीही न ओलांडलेली, आणि स्वतःचं खरं नाव छापून मैदानात उतरलेली. अशा वादात खऱ्या नावानिशी उतरलेली ती पहिली इंग्रज बाई.

उत्तर का देते आहे हे तिनं सुरुवातीलाच सांगितलंय, आणि ते पोस्टकर्त्यानं जरूर वाचावं. कुणीच बोललं नाही तर अडाणी लोकांना त्याची निंदा म्हणजे अबाधित सत्यच वाटेल. ते तसं नाही, बिनपायाचं बांधकाम आहे, हे दिसावं म्हणून लिहिते. म्हणजे ‘गप्प बसल्या, अर्थात कबूल होत्या’ असं पुढे कुणीतरी म्हणणार, हे त्या मुलीला 1617 साली कळत होतं.

मग ती शिव्यांना शिव्या घालत नाही. शाळा-विद्यापीठांत मुलगे जे अॅरिस्टॉटलचं चार कारणांचं तंत्र (वस्तू कुणी, कशापासून, कुठल्या रूपात आणि कशासाठी घडवली) शिकत ते उचलते आणि बाईला लावते. घडवणारा कोण? देव. इतक्या थोर कारागिराच्या हातची वस्तू वाईट कशी निघेल? कशापासून घडवली? पायापासून नाही, म्हणजे पुरुषाच्या पायाखालची नव्हे. डोक्यापासून नाही, म्हणजे वरचढही नव्हे. कुशीपासून, काळजाच्या जवळून, म्हणजे बरोबरीची. ही कुशीची कल्पना तिची स्वतःची नाही, चर्चमधल्या प्रवचनांतून ती आधीपासून चालत आलेली होती. पण स्वेटनमनं जी बरगडी बाईला हिणवायला वापरली तीच बरगडी घेऊन ती त्याला आडवी जाते, हे बघण्यासारखं आहे.

त्यानंतर ती चार आक्षेप एकेक करून घेते. हव्वेनं आधी पाप केलं. बायबलमध्ये संत पॉलनं अमुक लिहिलं. हजारांत एक पुरुष सापडला पण बाई एकही नाही, असं राजा सॉलोमन म्हणाला. सॉलोमनला कशा बायका भेटल्या ते त्याचा जनानखाना बघून ठरवा, अशा अर्थाचं तिचं उत्तर आहे. पॉलनं ‘बाईला न शिवणं बरं’ म्हटलं ते छळ चालू असलेल्या काळात, विशिष्ट लोकांना. ते सगळ्या काळांना लावता येत नाही. संदर्भ सोडून वचनं उचलू नयेत, हा धडा फॉरवर्ड करणाऱ्यांनीही घ्यायला हरकत नाही.

आणि पुस्तकाच्या शेवटी तिनं स्वेटनमला विचारलेले प्रश्न आहेत. हा भाग मला सगळ्यांत आवडतो. इथं ती पाद्र्याची सालस मुलगी राहत नाही, तांबडी शाई घेऊन बसलेली मास्तरीण होते. त्याची वाक्यं एकेक करून काढते. इथं कर्ता-क्रियापद जुळत नाही. इथं दृष्टांताचा मुद्द्याशी संबंध नाही. मथळ्यात म्हणतोस काही बायका कुलटा, आत सगळ्यांनाच झोडपतोस, मग खरं काय? देवानं बायकांना ‘अटळ संकट’ म्हटलं असं तू लिहितोस, ते कुठल्या शास्त्रात, कुठल्या दप्तरात आहे ते दाखव. संदर्भ मागितल्यावर फॉरवर्डवाला जसा गडबडतो तसाच स्वेटनमही गडबडला असावा. त्यानं या उत्तराला छापील प्रत्युत्तर दिल्याचं दिसत नाही.

येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात स्पेटच्या पुस्तकाची एक प्रत आहे. तिच्या समासात कुणा समकालीन पुरुषानं हातानं शेरे लिहिलेत, तिच्या कुमारिका असण्यावरचे अश्लील टोमणे त्यात आहेत. हा हात स्वेटनमचाच असावा असा अभ्यासक बार्बरा लुवाल्स्की यांचा तर्क आहे. तर्कच, सिद्ध झालेलं नाही. पण चारशे वर्षांपूर्वीही मुद्दा संपला की माणसं बाईच्या अंगावर घसरत, एवढं त्या समासातून कळतं.

त्याच वर्षी ‘एस्टर सोवरनॅम’ या नावानं दुसरं उत्तर आलं. हिला स्पेटचं उत्तर फुळकवणी वाटलं, आणि तसं तिनं छापलंही. (हे मला फार बरं वाटलं. बायका एका सुरात बोलत नव्हत्या, एकमेकींचे निबंधही तपासत होत्या.) बरगडीचा निकाल हिनं लावलाय : वाकडेपणा बरगडीतून आला म्हणतोस ना? मग ती बरगडी कुणाची? आणि तशा वाकड्या बरगड्या जास्त कुणाकडे शिल्लक आहेत? पुढे ती स्वेटनमला विवेक आणि अनुभव या दोन न्यायाधीश बायांपुढे उभा करते. पण तिचा खरा घाव दुसरीकडे आहे. दारू पिऊन झिंगलेली बाई दिसली की छी-थू, आणि पुरुष झिंगला तर तो दिलदार गडी. यावरून तुम्हीच कबूल करता, असं ती म्हणते, की बाईकडून तुमची अपेक्षा जास्त आहे, म्हणजे ती मुळात जास्त चांगली आहे. हा युक्तिवाद थोडा वकिली आहे, पण दुटप्पीपणावर बोट बरोबर ठेवलंय.

तिसरं उत्तर ‘कॉन्स्टान्शिया मुंडा’चं. ते मुख्यतः शिव्यांचं आहे, विद्वत्तापूर्ण शिव्यांचं. आणि मग नाटक : ‘स्त्रीद्वेष्टा स्वेटनम, बायकांनी खटला भरलेला’. लंडनच्या रेड बुल नाट्यगृहात ते झालं आणि 1620 साली छापलं गेलं. त्यात स्वेटनमचं सोंग रंगमंचावर येतं, बायका त्याला पकडून खटला चालवतात आणि तोंडाला मुसकं बांधतात. स्पेटच्या मथळ्यातलं मुसकं तिकीट काढून बघायला मिळालं म्हणायचं. ‘ब्र काढला नाही’!

‘बाईचं नाव घेतलेले पुरुष’

इथं अर्धं खरं आहे, म्हणून दात-ओठ खात मान्य करते. सोवरनॅम हे नाव उघडच स्वेटनमच्या नावावर केलेली कोटी आहे, ‘स्वीट’ला ‘सावर’, म्हणजे गोडाला आंबट. मुंडाही खोटं नाव. जेन अँगरची तीच शंका. त्या बायका होत्या की पुरुष, हे सांगता येत नाही. बायकांची निंदा आणि स्तुती हा तेव्हाचा एक साहित्यिक खेळही होता. एडवर्ड गॉसिनहिल या माणसाच्या नावावर सोळाव्या शतकातच निंदेचं आणि स्तुतीचं अशी दोन्ही पुस्तकं आहेत. त्यात धंदाही होता. स्वेटनमचं पुस्तक ज्या टॉमस आर्चर या विक्रेत्यानं काढलं, त्यानंच स्पेटचं उत्तर काढलं. वाद पेटला की दोन्ही बाजूंचा माल खपतो, हे आजच्या चॅनेलवाल्यांनी शोधून काढलेलं नाही.

पण स्पेटचं काय? पोस्टमध्ये तिचं नावच नाही, आणि ते विसरून गेलं असेल असं मला वाटत नाही. ती खरी बाई आहे. बापाचं नाव माहीत आहे, चर्च माहीत आहे, 1621 साली विल्यम प्रॉक्टर या पाद्र्याशी तिचं लग्न झालं तेही माहीत आहे. आणि गंमत म्हणजे पोस्टकर्त्याची शंका तिच्या हयातीतच काढली गेली होती. ‘हे हिनं नाही, हिच्या बापानं लिहिलंय’ असं लंडनमधले लोक म्हणत होते. म्हणून 1621 साली तिनं मृत्यूवरचं दीर्घ काव्य छापलं तेव्हा प्रस्तावनेत सांगून टाकलं की माझं मूल दुसऱ्याच्या पदरात घातलं गेलं, ते माझंच आहे हे सिद्ध करायला हे दुसरं आणते आहे. त्याच पुस्तकात एक स्वप्नाची कविताही आहे. अज्ञानानं आजारी पडलेली मुलगी विद्येच्या बागेत औषध शोधायला जाते, वाटेत अडवणारे भेटतात, आणि ती बागेत रमलेली असताना घरचं काहीतरी काम निघून तिला परत यावं लागतं. बापानं लिहिलं असतं तर हे काम बहुधा निघालं नसतं.

शिवाय एक साधी गोष्ट. समजा, पुरुषांनी बाईचं नाव घेऊन लिहिलं. का घेतलं? बाईनं दिलेलं उत्तर विकत घेणारा वाचक होता म्हणूनच ना? मग ‘समाजाला स्वेटनम मान्य होता’ याचं काय झालं?

‘दर्जा असता तर टिकलं असतं’

हा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो ऐकायला शहाणा वाटतो, आणि भाचीला डळमळीत केलं ते यानंच.

टिकण्याचा दर्जाशी संबंध किती असतो ते पुरुषांच्याच उदाहरणांवरून बघू. शेक्सपिअर वारला तेव्हा त्याची निम्मी नाटकं छापलेलीच नव्हती. ‘मॅकबेथ’ त्यातलंच. हेमिंग्ज आणि काँडेल या दोन नट सोबत्यांनी 1623 साली जाडजूड संग्रह काढला म्हणून ती उरली. कवी जॉन डन हा आज अभ्यासक्रमाचा आधारस्तंभ, पण मधली दीड-दोनशे वर्षं त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. 1912च्या ग्रिअरसन आवृत्तीनं तो परत उभा राहिला. टॉमस ट्रॅहर्नच्या कवितांचं हस्तलिखित तर 1896-97च्या हिवाळ्यात लंडनच्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर सापडलं. यांना ‘कोट्यातून आलेले’ कुणी म्हणत नाही. आणि खप हाच निकष लावायचा, तर त्या वीसेक वर्षांत शेक्सपिअरच्या जाडजूड संग्रहाच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि स्वेटनमच्या दहाच्या आसपास. घ्या मग स्वेटनम अभ्यासक्रमाला.

मराठी वाचकाला हे सांगायची खरं तर गरज नाही. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882ची. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली, तरी पुस्तक अंधारात गेलं ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. ते पुस्तक मधल्या काळात कमअस्सल होतं आणि 1975 साली अचानक अस्सल झालं का?

आता दर्जा. एमिलिया लॅनियर घ्या. दरबारी वादकाची मुलगी, मूळ घराणं व्हेनिसकडचं. 1611च्या तिच्या संग्रहात ख्रिस्ताच्या वधावर दीर्घ काव्य आहे आणि त्यात एक जागा अशी आहे की वाचताना थांबावं लागतं. येशूला शिक्षा सुनावायची वेळ आली आहे, आणि ती सुनावणाऱ्या रोमन सुभेदाराची, पिलाताची बायको नवऱ्याला विनवते आहे की हे करू नकोस. बायबलमध्ये ती येऊन-जाऊन एका ओळीची. लॅनियर तिच्या तोंडी हव्वेचं वकीलपत्र देते. हव्वेचा दोष इतकाच की तिनं जास्त प्रेम केलं, ज्ञान नवऱ्यालाही मिळावं म्हणून फळ पुढे केलं. तिला फसवलं सापानं. आदमला कुणी फसवलं? आज्ञा तर थेट त्यालाच मिळालेली, बळ त्याचं जास्त, मग दोष कुणाचा जास्त? आणि हे सगळं कधी बोललं जातंय, तर पुरुषांचं न्यायपीठ देवाच्या मुलाला मारायला निघालं आहे तेव्हा. हव्वेचा गुन्हा अज्ञानातला, तुमचा हा जाणूनबुजून. मग आमच्यावर राज्य करण्याचा तुमचा अधिकार आता उरला कुठे? आमचं स्वातंत्र्य आम्हाला परत द्या.

युक्तिवाद करणारे पुष्कळ होते. पण युक्तिवादाला ही जागा शोधून देणं, आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई उचलून पंचांच्या बायकोच्या रूपात उभी करणं, आणि तेही त्या विशिष्ट पहाटे, हे कवीचं काम आहे. पोस्टमध्ये लॅनियरचा उल्लेख एका ओळीत आलाय : ‘शेक्सपिअरची सावळी प्रेयसी, म्हणून गाजवली.’ शेक्सपिअरच्या सुनीतांतली अनामिक सावळी बाई म्हणजे लॅनियरच, ही कल्पना इतिहासकार ए. एल. राउज यांनी 1973 साली काढली, ज्योतिषी सायमन फॉरमनच्या टिपणवह्यांवरून. त्यात ती सावळी होती असं त्यांनी वाचलं. अक्षर नीट लावल्यावर तिथं तो शब्दच नव्हता असं निघालं. शेक्सपिअरशी तिची गाठ पडल्याचा धड पुरावा नाही. बाईची कविता वाचायची तर आधी ती कुणाची कोण होती हे शोधायचं, एवढीच त्या कल्पनेची कमाई.

काही लेखन मागे पडलं ते दर्जामुळे नाही, दांडग्याईमुळे. मेरी रॉथची ‘युरेनिया’ ही लांबलचक गद्यकथा 1621 साली आली. एडवर्ड डेनी या उमरावाला त्यात आपल्या घरातली भानगड ओळखू आली. त्यानं तिला ‘राक्षस’ म्हणणारी कविता लिहिली आणि बजावलं की पुस्तकं सोड, सुईदोऱ्याकडे बघ. रॉथनं त्याचीच यमकं वापरून ओळीला ओळ परत केली. तरीही पुस्तकाची विक्री थांबवण्याची भाषा तिला करावी लागली, आणि दुसरा भाग तिच्या हयातीत छापलाच गेला नाही.

‘ही 1970 नंतरची भाषा’

अंशतः हो. स्पेट पुरुषाला कुटुंबाचं मस्तक मानते. बाईला नाजूक पात्र म्हणते, काचेचा पेला दगडी भांड्यापेक्षा लवकर तडकतो असं सांगते. मतदान, मालमत्ता, घटस्फोट यांतलं ती काही मागत नाही. तिला आजची स्त्रीवादी म्हणणारे असतील तर तेही चूक आहेत. पण मस्तक मानून झाल्यावर ती लगेच विचारते की मस्तकाचं काम अंगाला छळणं असतं का. कोंबडासुद्धा पिलांसाठी कोंबडीच्या बाजूनं झुंजतो, मग माणसानं किती करावं? आणि पुढची सगळीच काही एवढी जपून बोलणारी नव्हती. मार्गारेट फेलनं तुरुंगात असताना 1666 साली बायकांनी धर्मसभेत बोलण्याचं समर्थन छापलं. मेरी अॅस्टेलनं लग्नावरच्या पुस्तकाच्या 1706च्या आवृत्तीत विचारलं की सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर सगळ्या बायका जन्मतः गुलाम कशा? यातलं काहीही 1970 सालचं नाही.

पोस्टची शेवटची ओळ अशी आहे : ‘त्या बायकांनी नेमकं मागितलं काय, हे कुणी सांगत नाही.’ सांगते. त्यांनी बहुतेक वेळा शाळा मागितली. लॅनियरनं विधवा झाल्यावर स्वतःच काढली होती. 1673 साली मुलींच्या शिक्षणावर एक निबंध छापला गेला, तो बॅथ्सुआ मेकिनचा मानतात. बायकांना पुरुषांच्या बरोबरीला आणायचा माझा हेतू नाही, असं त्यात आधी सावधपणे सांगून टाकलंय, आणि मग पानोपानी विदुषी बायकांची यादी. शेवटी ताजा कलम आहे. लंडनपासून काही मैलांवर टॉटनम हाय क्रॉस इथं मेकिनबाईंची मुलींची शाळा आहे. निम्मा वेळ नाच, गाणं, अक्षर आणि हिशेब. निम्मा वेळ लॅटिन आणि फ्रेंच. हवं असेल त्या मुलीला ग्रीक, हिब्रू, इटालियन, स्पॅनिशही. फी वर्षाला 20 पौंड. जास्त प्रगती झाली तर थोडी जास्त.